तीन भोकांची वही

१

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता, खच्चून भरलेल्या कोर्टात, लाखेचं सील फोडून पाकीट उघडलं आणि आतून निघालेली वही कोरी होती.

सरकारी वकीलबाईंनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, मग चाळीस पानं एकदम उलटली. एरवी बाईंचा आवाज असा, की मागच्या बाकावर पेंगणारा माणूस दचकून ताठ बसावा. आज त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. समोर तीन न्यायमूर्ती बसले होते. मधले थोरले साहेब पुढे वाकून म्हणाले, "काय झालं?" बाईंनी वही नुसती उघडून त्यांच्याकडे धरली.

काय हरवलं होतं ते आधी सांगते. आमच्या घटनेत एक कलम आहे. निवडणूक जिंकून पुढच्या निवडणुकाच बंद करायच्या असा ज्या पक्षाचा बेत आहे, त्या पक्षावर हे न्यायालय बंदी घालू शकतं. मात्र बेत मूळ कागदावर सिद्ध व्हायला हवा, झेरॉक्स चालत नाही. आणि निकाल उमेदवारी अर्जांची मुदत संपायच्या आत लागायला हवा. ती मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती.

मूळ कागद होता. पक्षाच्या आतल्या सात जणांच्या बैठकीची हाताने लिहिलेली वही. बेचाळिसाव्या पानावर ठराव होता, 'सत्तेवर आल्यानंतर निवडणूक घेण्यात येऊ नये', आणि खाली सात सह्या. पक्षाच्या मुख्य कचेरीतल्याच कोणीतरी ती बाहेर काढून आणून दिली होती. त्या माणसाचं नाव दुसऱ्या एका सीलबंद पाकिटात होतं. खटला चालू असेपर्यंत ते पाकीट कोणी उघडायचं नाही. पण याचिका फेटाळली गेली, तर दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते पाकीट पक्षाच्या वकिलाच्या हाती द्यायचं, असा नियम. कचेरीतून वही गहाळ झाल्यापासून तिथे दोघांची 'चौकशी' झाली होती. त्यातल्या एकाचा हात अजून प्लास्टरमध्ये होता.

थोरल्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दप्तर तपासनीस कुठे आहेत?"

मी उभी राहिले.

"चार वाजेपर्यंत शोध घ्या आणि कळवा. चार वाजता न्यायालय पुन्हा बसेल."

एकतीस वर्षं मी या इमारतीत कुठला कागद कुठे आहे हे बघते. निवृत्तीला दोन महिने राहिले होते. गुडघे दुखतात, एका डोळ्यात मोतीबिंदू. मला नेमलं ते मला काही सापडणार नाही म्हणूनच, हे मला तिथल्या तिथे कळलं आणि रागही आला. ती कोरी वही काखेत मारून मी बाहेर पडले.

२

अभिलेख कक्ष तळघरात आहे. तिथे अण्णांचं राज्य. अण्णा अभिलेखपाल, माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि वीस वर्षांनी कुरकुरे. मी गेले तेव्हा ते कपाटासमोर उभे होते.

"ताई, सील मी लावलंय. माझ्या हाताने. शुक्रवारी पाच वाजता. आज सकाळी कपाटातून काढलं तेव्हा अखंड होतं. कुलूप अखंड. किल्ली माझ्या कमरेला. आता मीच चोर ना?"

"तुम्ही चोर असतात तर एवढी बडबड केली नसतीत. बसा आणि शुक्रवारचं सांगा."

शुक्रवारी तीन ते पाच, पक्षाच्या वकिलाला वही पाहू द्यायची असा हुकूम होता. थोरल्या साहेबांच्या चेंबरबाहेरच्या खोलीत ते झालं. हजर चार जण: पक्षाचे वकील, त्यांची टायपिस्ट, साहेबांचे स्वीय सहायक आणि अण्णा. वही पाहून झाली, पाकिटात गेली, लाख वितळली, शिक्का बसला. वकिलाने पाकिटाच्या जोडावर सही केली. अण्णांनी पाकीट खाली आणून कपाटात ठेवलं.

मी पाकीट भिंगाखाली धरलं. सही जोडावरून सलग गेलेली, लाखेला कुठे तडा नाही. म्हणजे शुक्रवारी पाचनंतर ते पाकीट कोणी उघडलेलंच नव्हतं. मग कोरी वही आत गेली कशी?

"वही आत जाताना तुम्ही पाहिलीत?"

"मी लाखेकडे बघत होतो, ताई. लाख थंड झाली की शिक्का उमटत नाही. वही स्वीयनी पाहिली असणार."

मग अण्णांची नेहमीची गाडी सुरू झाली. शुक्रवारी उशिरापर्यंत थांबावं लागलं. वरून दप्तर परत आलं ते साडेपाचला. कोणी नीट बांधत नाही. जुनी फीत दोन्ही टोकांनी पुरेना, नवी आणून बांधावी लागली. फितींचा साठा संपत आलाय, मागणी तीन वेळा दिली. मी हूं हूं करत ऐकलं. अण्णांची अर्धी वाक्यं फितीवर असतात आणि उरलेली उंदरांवर.

३

साहेबांच्या स्वीय सहायकांना आम्ही सगळे नुसतं 'स्वीय' म्हणतो. कायम कडक इस्त्रीतला माणूस. त्यांचा साडू पक्षाचा वॉर्डप्रमुख आहे, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक. मी काही विचारायच्या आतच ते म्हणाले, "साडू निवडून घेता येत नाही, बाई. बायको निवडली, साडू फुकट आला."

"वही पाकिटात जाताना तुम्ही पाहिलीत?"

"मी मेणबत्ती धरली होती. हातावर लाख सांडते, लक्ष तिकडे. वकिलांनी पाहिली ना, त्यांनी तर सही केली."

मग मी पक्षाच्या वकिलांकडे गेले. फार मऊ बोलतात म्हणून आम्ही त्यांना मऊसाहेब म्हणतो. दुपारी ते वकिलांच्या खोलीत पाय पसरून पेपर वाचत होते. आपल्या पक्षाविरुद्धचा पुरावा नाहीसा झालेला माणूस जितका आनंदी दिसायला हवा, तितके ते दिसत नव्हते. उलट गोंधळलेले होते.

"तुम्हाला वाटत असेल आम्ही केलं," ते म्हणाले. "केलं असतं तर तुम्हाला सांगितलं नसतं, हेही खरं. पण आम्हाला गरज काय? आज नाही तर सहा महिन्यांनी ही इमारतच आमची. चोरी कोण करतो? ज्याच्याकडे वेळ नसतो तो."

"वही आत जाताना पाहिलीत?"

"अभिलेखपालांनी पाहिली असेल. त्यांचं कामच ते."

अण्णा म्हणतात स्वीय, स्वीय म्हणतात मऊसाहेब, मऊसाहेब म्हणतात अण्णा. तिघं एकमेकांकडे बोट दाखवत होते आणि तिघंही खरं बोलत होते. खोटं बोलणारा माणूस स्वतः पाहिल्याचं सांगतो. कोणीच पाहिली नव्हती.

घड्याळात दीड वाजला होता.

४

मऊसाहेबांची टायपिस्ट वऱ्हांड्यातल्या बाकावर मशीन मांडीवर घेऊन बसली होती. पस्तिशीची, सावळी, केस घट्ट बांधलेले. सकाळी पक्षाच्या कचेरीत टायपिंग, कोर्टाच्या दिवशी मऊसाहेबांबरोबर. मी बाजूला बसले.

"शुक्रवारची वही जवळून पाहिली होतीस?"

"हो मॅडम. साहेब सांगत होते ते मी टाइप करत होते."

"ही तशीच दिसते?" मी कोरी वही पुढे केली.

तिने हात लावला नाही. "आकार तोच. पण तिच्या खालच्या कोपऱ्याला तेलाचा डाग आहे, डब्याचा. हिला नाही."

"बरं. आणि पाकीट बंद होताना काय झालं? काय किती महत्त्वाचं वाटतं ते बघू नकोस, सगळं सांग."

ती डोळे मिटून आठवू लागली. "साहेबांचं पाहून झालं. आतून बेल वाजली. स्वीय वही आत घेऊन गेले. थोरले साहेब म्हणे एकदा नजरेखालून घालतात. आम्ही दहा मिनिटं थांबलो. मग थोरले साहेब स्वतःच बाहेर आले, पाकीट हातात घेऊन. आम्ही सगळे उभे राहिलो. त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं, म्हणाले, लावा सील."

बाकीच्या तिघांनी हे सांगितलंच नव्हतं. त्यांनी लपवलं होतं असं नाही, त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. न्यायमूर्तींच्या हातून आलेलं पाकीट या इमारतीत कोणी उघडून बघत नाही. मीसुद्धा बघितलं नसतं.

मी उठणार तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "मॅडम, याचिका फेटाळली तर ते दुसरं पाकीट खरंच देतात?"

मी तिच्याकडे पाहिलं. तेलाचा डाग डब्याचा आहे हे वहीवर लिहिलेलं नव्हतं. डाग कशाचाही असू शकतो. डब्याचा आहे हे एकाच माणसाला माहीत असणार, ज्याने ती वही डब्याखाली लपवून कचेरीबाहेर आणली त्याला.

"तू अजून त्याच कचेरीत जातेस?" मी विचारलं.

"गेले नाही तर कळेल ना त्यांना." ती म्हणाली. "घरी आई आहे. मुलगी सातवीत."

मी तिच्या हातावर हात ठेवला आणि उठले. मला भीती वाटत होती, आणि मी तिला कसलंही वचन देण्याच्या लायकीची नव्हते.

५

संशय आला म्हणून तो खरा होत नाही, आणि न्यायमूर्तींवर संशय म्हणजे दगडाखाली हात. मी तळमजल्यावर बाइंडिंगच्या खोलीत गेले. तिथल्या मावशी चाळीस वर्षं या न्यायालयाच्या वह्या शिवतात. त्यांच्या अंगाला खळीचा वास येतो आणि त्या कोणालाही साहेब म्हणत नाहीत.

मी कोरी वही टेबलावर ठेवली. मावशींनी मधलं पान उघडलं, शिवणीवरून अंगठा फिरवला.

"हे माझंच काम. वरचं लेबल कोणी खरवडलं?"

"तुमचंच कशावरून?"

"भोकं मोज."

मी मोजली. तीन.

"कोर्टाची प्रत्येक वही पाच भोकांची. तीन भोकांची एकच, कच्च्या निकालाची. प्रत्येक मोठ्या खटल्याला प्रत्येक जजला एक देतो. त्यात ते खरडतात, निकाल लागला की वही परत येते आणि मी बंबात घालते. जाळायचीच तर पाच भोकं पाडायचे कष्ट कशाला?" मावशींनी दोरा नखाने वर उचलला. "तिघांचे दोरे वेगळे, घोटाळा नको म्हणून. पांढरा, पिवळा, हिरवा."

दोरा हिरवा होता.

"थोरल्यांचा," मावशी म्हणाल्या. मग त्यांनी पानं भराभर उलटली आणि त्यांचा चेहरा उतरला. "तीन महिने खटला चालला ना गं हा? एक ओळ लिहिली नाही माणसाने?"

थोरल्या साहेबांना घटनेची सगळी कलमं पाठ होती. आपली वही किती भोकांची असते, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. ड्रॉवरमध्ये तेवढ्याच आकाराची वही सापडली, लेबल खरवडलं आणि पाकिटात घातली.

कुंपणानेच शेत खाल्लं होतं. प्रश्न उरला तो एवढाच, की मूळ वही कुठे आहे.

६

थोरले साहेब कागद जाळणाऱ्यांतले नाहीत. रद्दीतल्या कागदाची कोरी बाजू वापरणारा माणूस. घरी नेली म्हणावं, तर दारावरचे शिपाई न्यायमूर्तींचीही बॅग तपासतात, तो हुकूम त्यांनीच काढलेला. म्हणजे वही इमारतीत होती. चेंबर रोज झाडलं जातं, तिथे राहणार नाही.

जिन्यावर मी थबकले. अण्णांची फीत!

"अण्णा," मी धापा टाकत विचारलं, "शुक्रवारी साडेपाचला वरून कुठलं दप्तर परत आलं?"

"पाच वर्षांपूर्वीची याचिका. याच पक्षाविरुद्धची, निकाली निघालेली. साहेबांनी वाचायला मागवली होती."

"फीत पुरली नाही म्हणालात."

"नाहीच पुरली. गेलं तेव्हा पुरत होती—" अण्णा बोलता बोलता थांबले. त्यांचं तोंड उघडं राहिलं.

निकाली दप्तर थोरल्या न्यायमूर्तींच्या हुकमाशिवाय उघडता येत नाही. गाठ तपासायचा अधिकार मला आहे, सोडायचा नाही. मी सोडली. निकालाच्या जाड प्रतीखाली वही होती. खालच्या कोपऱ्याला डब्याच्या तेलाचा डाग, बेचाळिसाव्या पानावर सात सह्या.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की आपण या इमारतीच्या काही उपयोगाला आलो.

७

थोरल्या साहेबांनी दोन्ही वह्या पाहिल्या आणि स्वीयना बाहेर जायला सांगितलं.

"मला वाटलं होतं तुम्हाला सापडणार नाही."

"म्हणूनच मला नेमलंत."

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. खुर्चीत मागे टेकले. जवळून पाहिल्यावर कळलं, माणूस कित्येक दिवस झोपलेला नव्हता.

"त्या जुन्या दप्तरात माझा निकाल आहे. वाचलात?"

"पाठ आहे, साहेब. मुलांच्या पाठ्यपुस्तकात आहे."

"दोन टक्के मतं होती त्यांना. मी लिहिलं, एवढ्याशा पक्षावर बंदी म्हणजे डास मारायला तोफ. लोकशाहीने मूर्खांनाही बोलू द्यावं. केवढं कौतुक झालं." त्यांनी डोळे चोळले. "आज चाळीस टक्के आहेत. चाळीस टक्के लोकांना सांगायचं, की तुम्हाला हवं त्याला मत देता येणार नाही? मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?"

"लहान होता तेव्हा लहान म्हणून सोडला, आता मोठा झाला म्हणून सोडायचा. मधे एखादा मंगळवार असेलच ना साहेब, ज्या दिवशी तो बरोब्बर मापाचा होता?"

"असेल. आपण त्या दिवशी रजेवर असू."

मला रडू आलं आणि त्याचाच राग आला. "अहो, मग तसा निकाल द्यायचात. बंदी नको म्हणून लिहायचंत, सही करायचीत. वही का लपवलीत?"

"बंदी घातली तर ही इमारत पेटवतील. नाही घातली तर पुढची पिढी माझं नाव घेऊन थुंकेल. वहीच नसली, तर निकाल माझा नसतो."

"घाबरलात."

"हो," ते म्हणाले. "घाबरलो."

"मग जाळून का नाही टाकलीत?"

ते खरोखर दुखावले. "न्यायालयाचा कागद आहे तो, बाई!"

मी त्यांच्यासमोर हात जोडले. पहिल्यांदाच. म्हटलं, अजून वेळ आहे. भर कोर्टात सांगा, वही मी चेंबरमध्ये ठेवून घेतली, सील चुकून दुसऱ्या वहीला लागलं, मूळ वही क्षणभरही न्यायालयाच्या ताब्याबाहेर गेली नाही. पुरावा वाचतो. जाता ते फक्त तुम्ही.

"हो. फक्त मी जातो," ते पुटपुटले.

"आणि दुसऱ्या पाकिटात एक नाव आहे, साहेब. याचिका पडली तर उद्या ते त्यांच्या हातात जाईल."

"तो नियम मीच लिहिलाय. ज्याच्यावर आरोप झाला आणि टिकला नाही, त्याला आरोप करणाऱ्याचं नाव कळलं पाहिजे. चांगला नियम आहे."

"चांगल्या माणसांसाठी."

त्यांनी हिरव्या दोऱ्यावरून बोट फिरवलं. मग पेनाचं टोपण लावलं. "चार वाजता येतो मी."

मला वाटलं, येतील आणि बोलतील. देवाशपथ वाटलं.

८

चार वाजता मी मूळ वही कोर्टाच्या टेबलावर ठेवली. सरकारी वकीलबाईंनी ती छातीशी धरली. मागे एकच गलका झाला.

मऊसाहेब उठले. "सापडली, आनंद आहे. कुठे सापडली? कोणी ठेवली होती? शुक्रवारपासून ती कोणाकोणाच्या हातात होती? दप्तर तपासनीसांनी सांगावं."

मी थोरल्या साहेबांकडे पाहिलं. आता त्यांनी बोलायचं होतं. त्यांचे ओठ उघडले. मग त्यांची नजर माझ्या डोक्यावरून घड्याळाकडे गेली आणि तिथेच राहिली.

मऊसाहेब वाट बघत होते. त्यांचा गोंधळ गेला होता, चेहऱ्यावर भूक होती. त्यांना कळलं होतं, निदान वास तरी लागला होता. मी म्हटलं असतं, की थोरल्या न्यायमूर्तींनी लपवली, तर त्यांना यापेक्षा मोठं बक्षीस नव्हतं. पंधरा वर्षं ते सभांमध्ये सांगत होते, न्यायालय हा सगळा बनाव आहे म्हणून. वही न्यायालयाच्याच ताब्यात होती हे फक्त साहेब सांगू शकत होते; मी बोलले तरी वही मेली, नाही बोलले तरी मेली. बोलले तर वहीबरोबर न्यायालयही.

"निकाली दप्तरात सापडली," मी म्हटलं. "कोणी ठेवली ते सांगू शकत नाही."

हे माझे शब्द. कोणी माझ्या तोंडात घातले नव्हते. मघाशी त्या माणसाला मी भेकड ठरवून आले होते, आणि तासाभरात मीही तेच केलं. ते मला अजून पचलेलं नाही.

थोरल्या साहेबांनी खालच्या आवाजात निकाल सांगितला. पुराव्याच्या ताब्याची साखळी तुटली आहे. वही ग्राह्य धरता येत नाही. याचिका फेटाळली. बाकीच्या दोघांनी माना हलवल्या. चार वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. बाहेर फटाके वाजायला लागले, पावणेपाचला पक्षाच्या सगळ्या उमेदवारांचे अर्ज दाखल झाले.

टायपिस्टने मऊसाहेबांसाठी निकाल टाइप केला. एका जागी तिची बोटं थांबली, मग परत चालू झाली.

९

दुसरं पाकीट सकाळी अकराला द्यायचं आणि तोवर त्याचं सील तपासून ठेवायचं, हे काम नियमाने माझं.

संध्याकाळी सहाला मी तळघरात गेले. अण्णांनी पाकीट टेबलावर ठेवलं. मग काही न विचारता शेजारी लाखेची कांडी ठेवली, मेणबत्ती ठेवली, शिक्का ठेवला.

"मी चहा पिऊन येतो," ते म्हणाले. "वेळ लागेल मला. जिना चढवत नाही हल्ली."

अण्णा दिवसाला तो जिना तीस वेळा चढतात.

सील फोडून मी आतली चिठ्ठी न उलगडता मेणबत्तीवर धरली. न्यायालयाचा कागद होता तो. मग तसाच एक कोरा कागद घडी घालून नव्या पाकिटात घातला, लाख ओतली. सवय नसल्याने अंगठा भाजला. शिक्का छान उमटला. युक्ती माझी नव्हती, थोरल्या साहेबांचीच होती. माझ्या हातून आलेलं पाकीटही या इमारतीत कोणी उघडून बघत नाही.

सकाळी बायकांच्या स्वच्छतागृहात मी टायपिस्टला गाठलं. ती तोंडावर पाणी मारत होती. "आत काय होईल ते होवो," मी म्हटलं, "तू मान वर करायची नाही. कळलं? काहीही ऐकलंस तरी."

"मॅडम, तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. तू तुझं टायपिंग कर."

अकरा वाजता कोर्टात गर्दी होती. मधली खुर्ची रिकामी होती, थोरले साहेब रजेवर गेले होते. मी पाकीट मऊसाहेबांच्या हातात दिलं. त्यांनी ते फोडलं, कागद उलगडला आणि पाहिला. कोऱ्या कागदाच्या दोन्ही बाजू पाहिल्या.

मला वाटलं होतं ते ओरडतील. आरडाओरडा होईल, चौकशी लागेल, दोन महिने जातील, तोवर ती पोर आईला आणि मुलीला घेऊन कुठेतरी निघून जाईल. एवढाच माझा हिशेब होता.

ते ओरडले नाहीत. त्यांनी फुटलेल्या लाखेचा तुकडा उचलला, ती अजून नवी चकाकत होती. मग त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. अंगठ्यावर टपोरा फोड आला होता. मला वह्यांची अदलाबदल शोधायला अख्खा दिवस लागला होता, त्यांना माझी एका नजरेत कळली. हुशार माणूस, त्याबद्दल वाद नाही.

"नोंदवून घ्या," ते मऊ आवाजात टायपिस्टला म्हणाले. "पक्षाविरुद्ध खोटा पुरावा रचणाऱ्या व्यक्तीचं नाव या कागदावर पुढीलप्रमाणे आहे."

आणि त्यांनी कोऱ्या कागदावरून माझं नाव वाचलं. माझं, वडिलांचं, आडनाव. मग हुद्दा. मग राहता पत्ता.

मागच्या बाकांवरून माणसं उठून माझ्याकडे बघायला लागली. अण्णा दाराशी उभे होते, ते खाली बसले. मी म्हणू शकले असते की कागद कोरा आहे. मग कोणीतरी विचारलं असतं, खरी चिठ्ठी कुठे गेली, आणि कचेरीतल्या एकेकाची पुन्हा चौकशी सुरू झाली असती. मऊसाहेब माझ्याकडे पाहत होते. त्यांना कुठलं का होईना, एक नाव हवं होतं, आणि मी ते आयतं त्यांच्या हातात दिलं होतं.

मी काही बोलले नाही.

टायपिस्टने मान वर केली नाही. बजावलं होतं तशीच, खाली घालून, तिने माझं नाव टाइप केलं, पत्ता टाइप केला आणि कागद मशीनमधून काढून सहीसाठी पुढे ठेवला.